काशीचे शास्त्री विलायतेत : फादर नहेम्या गोरे

काशीचा दशाश्वमेध घाट १७४८ मध्ये नानासाहेब पेशव्यांनी बांधविला, असे सांगतात. आज त्या पायऱ्यांवर वही घेऊन बसलेला एखादा परदेशी अभ्यासक सहज दृष्टीस पडतो. कोणी संस्कृतसाठी आलेला असतो, कोणी संगीतासाठी. त्याचा खर्च बहुधा एखादी शिष्यवृत्ती उचलते. भारत व अमेरिका यांच्यात १९५० साली झालेल्या फुलब्राइट करारानंतर अशी देवघेव नित्याची झाली. तथापि, परक्याच्या आश्रयाने परदेशी शिकावयास जाणे म्हणजे काय, याचा अनुभव या नगरीतील एका मराठी शास्त्र्याने त्याच्या जवळजवळ शंभर वर्षे आधी घेतला होता. आपण त्यांना फादर नहेम्या गोरे म्हणून ओळखतो.

नीलकंठशास्त्री गोरे यांचा जन्म १८२५ साली झाशीजवळ झाला. घराणे कोकणस्थ ब्राह्मणाचे. आजोबा बांद्याच्या नबाबाचे दिवाण होते. घरची सुबत्ता होती. म्हणून विद्येसाठी कोणाच्या दारी जाण्याची गरज त्यांना नव्हती. काशीत न्याय व व्याकरण यांचे अध्ययन त्यांनी केले. मिशनरी विल्यम स्मिथ यांच्याकडे ते प्रथम गेले ते वाद जिंकण्यासाठी. जॉन म्यूर यांच्या ‘मतपरीक्षा’ या संस्कृत ग्रंथाला त्यांनी ‘शास्त्रतत्त्वविनिर्णय’ लिहून संस्कृतातच उत्तर दिले. परंतु खंडनासाठी हाती घेतलेल्या शास्त्राने, विशेषतः डोंगरावरील प्रवचनाने, त्यांचे मन धरून ठेवले. मार्च १८४८ मध्ये जौनपूर येथे त्यांचा बाप्तिस्मा झाला. पत्नी लक्ष्मीबाई यांनीही बाप्तिस्मा घेतला. पण १८५३ साली कन्येच्या जन्मानंतर थोड्याच काळात त्या निवर्तल्या.

दुसऱ्याच वर्षी विलायतेचा योग आला. पंजाबचे पदच्युत बालमहाराज दुलीपसिंग १८५४ मध्ये इंग्लंडला निघाले व त्यांचे पंडित म्हणून गोरे सोबत गेले. आजच्या भाषेत ही परदेशी अभ्यासाची संधीच होती. लंडनमध्ये चर्च मिशनरी सोसायटीच्या इस्लिंग्टन येथील विद्यालयात त्यांची अभ्यासाची सोय झाली. सोय करणाऱ्यांचा हेतू चांगला होता यात शंका नाही. मात्र षड्दर्शनांत मुरलेला तिशीच्या उंबरठ्यावरील पंडित केवळ शिकावयास आला आहे, असे त्यांनी गृहीत धरले. त्याच्याकडून आपणही काही शिकावे, हे फारसे कोणाच्या मनात आलेले दिसत नाही. आश्रयदात्यांची ही दृष्टी अद्याप पुरती गेली आहे असे मला वाटत नाही.

गोरे यांना प्रमाणग्रंथ नको होते. ती लढाई ते काशीतच लढून आले होते. ज्या राष्ट्राने आपल्याला सुवार्ता पाठविली ते राष्ट्र तिच्याप्रमाणे कसे चालते, हे त्यांना पाहावयाचे होते. लंडनच्या रस्त्यांत जे दिसले त्याने ते हादरले. अशा खिन्न अवस्थेत ते ऑक्सफर्डला मॅक्स म्यूलर यांना भेटले. लंडनमध्ये पाहिले तोच जर ख्रिस्ती धर्म असेल, तर परत जाणेच बरे, असा त्यांचा भाव होता, हे मॅक्स म्यूलर यांनी पुढे आपल्या आठवणींत नमूद केले आहे. या भेटीत मोठी गंमत आहे. मॅक्स म्यूलर सायणभाष्यासह ऋग्वेद छापीत होते, तो ईस्ट इंडिया कंपनीच्या पैशाने. आणि काशी त्यांनी कधीच पाहिली नाही. परक्याच्या द्रव्यावर विद्या करणारे दोन परदेशी समोरासमोर बसले होते: एक जर्मन, एक मराठी.

गोरे परतले. त्यांचा विश्वास ढळला नाही, पण इंग्रजी रीत म्हणजेच ख्रिस्ती रीत हा समज त्यांच्या ठायी उरला नव्हता. त्यांचे मोठे कार्य यानंतरचे आहे. १८६० साली त्यांचा ‘षड्दर्शनदर्पण’ हिंदीत प्रसिद्ध झाला. वेदान्तातील पारमार्थिक, व्यावहारिक व प्रातिभासिक या तीन सत्तांची चिकित्सा त्यांनी ज्या काटेकोरपणे केली, ती आम्हा भाषांतरकारांनी पुनःपुन्हा वाचावी अशी आहे. एकच शब्द दोन अर्थांनी वापरलेला ते क्षणभरही खपवून घेत नाहीत. त्यांची सगळीच अनुमाने वेदान्ती पंडितांना मान्य होणार नाहीत, हेही खरे. काशीच्या संस्कृत महाविद्यालयात शिकविलेले अमेरिकन विद्वान फिट्झेडवर्ड हॉल यांनी १८६२ साली त्याचे इंग्रजी भाषांतर प्रसिद्ध केले. लंडनने ज्यांना विद्यार्थी म्हणून बसविले, त्यांच्यापुढे आता परदेशी पंडित शब्दकोश उघडून बसला होता.

१८७० साली त्यांना प्रेस्बिटरची दीक्षा मिळाली. १८७६ मध्ये ते पुन्हा इंग्लंडला गेले, ते ऑक्सफर्डजवळच्या काउली येथील संन्यस्त संघात राहण्यासाठी. उमेदवार म्हणून ते राहिले, परंतु मनातील शंकांमुळे अखेरची व्रते त्यांनी घेतली नाहीत. पुण्यात पंडिता रमाबाईंच्या शंकांना त्यांनी उत्तरे दिली. रमाबाई १८८३ मध्ये वाँटेजच्या भगिनींच्या आश्रयाने इंग्लंडात राहिल्या, तेव्हाही त्यांचे मराठी लिखाण रमाबाईंपर्यंत पोहोचत होते. आपल्या श्रद्धेवरील त्यांचे ऋण रमाबाईंनी मोकळेपणाने मान्य केले आहे. आपल्या आश्रयदात्यांपुढे मान न तुकविण्याची रमाबाईंची वृत्ती प्रसिद्धच आहे.

२९ ऑक्टोबर १८९५ रोजी फादर गोरे मुंबईत निधन पावले. त्यांची कन्या एलन लक्ष्मी बालपणीच इंग्लंडला नेली गेली होती. स्तोत्ररचनेसाठी तिचे नाव तिकडे झाले. तरी १८८० साली ती परतली आणि अमृतसर व अलाहाबाद येथे स्त्रियांमध्ये काम करीत राहिली.