पगार न घेता पक्षी नोंदवले, बक्षिसाचे लाख डॉलरही देऊन टाकले

हैदराबाद, इंदूर, ग्वाल्हेर. आपल्या मराठी माणसांच्या या जुन्या गावांच्या रानात कोणते पक्षी आहेत, याची पद्धतशीर नोंद केली ती मुंबईच्या सलीम अलींनी. तीही एक पैसा मेहनताना न घेता.

जन्म 12 नोव्हेंबर 1896चा. आई-वडील लहानपणीच गेले, मामांनी वाढवलं. ब्रह्मदेशात घरच्या धंद्यात जम बसला नाही. मुंबईत परतून दावर कॉलेजात हिशेब आणि व्यापारी कायदा शिकले, म्हणजे एका अर्थी आमच्याच कॉमर्सचे! मन मात्र पाखरांत. 1926 साली प्रिन्स ऑफ वेल्स म्युझियममध्ये लोकांना निसर्गविभाग समजावून सांगायची नोकरी लागली. पुढे बर्लिनला जाऊन पक्षिशास्त्र शिकले आणि 1930 साली परत येऊन बघतात तर पैसे नाहीत म्हणून ती जागाच रद्द.

दुसरा कोणी पेढीवर जाऊन बसला असता. हे अलिबागजवळ किहीमला राहिले आणि सुगरणीची घरटी बघत बसले. मग त्यांनी संस्थानिकांपुढे सरळ व्यवहार मांडला: मुक्कामाचा, प्रवासाचा खर्च तुम्ही करा, माझं काम फुकट. हैदराबाद, कोचीन, त्रावणकोर, ग्वाल्हेर, इंदूर, भोपाळ अशी दारं उघडली. तंबूतल्या त्या संसारात पत्नी तेहमिना बरोबर असायच्या. 1939 साली साध्या शस्त्रक्रियेनंतर त्या वारल्या. हा घाव मोठा होता. पण काम थांबलं नाही, 1941 साली भारतीय पक्ष्यांवरचं त्यांचं प्रसिद्ध पुस्तक आलं.

1883 साली स्थापन झालेली बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी स्वातंत्र्यानंतर पैशांअभावी अडचणीत आली, तेव्हा थेट पंतप्रधान नेहरूंना पत्र लिहून त्यांनी मदत मिळवली. पुढे 1970च्या दशकात जे. पॉल गेटी पुरस्काराचे एक लाख डॉलर हाती आले. तेव्हाच्या दराने आठ-नऊ लाख रुपये! सगळ्या आयुष्यात एवढी रक्कम एकदम पाहिली नसेल. त्यातूनच सलीम अली निसर्ग संवर्धन निधी उभा राहिला. कॉर्पस म्हणजे काय ते हिशेबवाल्याला सांगायला नको: मुद्दलाला हात लावायचा नाही, व्याजावर काम चालवायचं.

1987 साली ते गेले. पुढच्याच वर्षी गोव्यात चोडण बेटावरच्या खारफुटीला त्यांच्या नावाचं पक्षी अभयारण्य जाहीर झालं. रायबंदरहून फेरीबोट आहे, सकाळी लवकर गेलात तर पाखरं दिसतात.