डॉ. एच. नरसिंहय्या

बंगळूरच्या दक्षिण भागातील बसवनगुडी ही जुनी वसाहत तेथील नंदीच्या देवळामुळे ओळखली जाते. कन्नडमध्ये बसव म्हणजे नंदी आणि गुडी म्हणजे देऊळ. याच वसाहतीतील नॅशनल कॉलेजच्या वसतिगृहात, एका साध्या खोलीत, भौतिकशास्त्राचे एक अविवाहित प्राध्यापक कित्येक दशके राहिले. अंगात खादी आणि डोक्यावर गांधी टोपी असा त्यांचा वेश असे.

होसूर नरसिंहय्या यांचा जन्म १९२० साली गौरीबिदनूरजवळच्या होसूर या खेड्यात, गरीब कुटुंबात झाला. पुढे शिकायचे म्हणून हा मुलगा गावाकडून पायी चालत बंगळूरला आला आणि बसवनगुडीच्या नॅशनल हायस्कूलमध्ये दाखल झाला. पुढे सेंट्रल कॉलेजात भौतिकशास्त्राचा अभ्यास चालू असतानाच १९४२चे आंदोलन पेटले. त्यांनी वर्ग सोडला व तुरुंगवास पत्करला. त्यात पुण्याचे येरवडाही होते. शिक्षणात पडलेला असा खंड पुष्कळांच्या बाबतीत कायमचा ठरतो. नरसिंहय्या मात्र परतले, १९४६ साली एम.एस्सी. झाले आणि नॅशनल कॉलेजात शिकवू लागले.

महाविद्यालयातील भौतिकशास्त्राचा पहिला वर्ग अनेकांना कठीण वाटतो. सूत्रे पाठ असतात, पण उदाहरण सुटत नाही. उतरणीवरून ठोकळा घसरतो, त्याचे त्वरण काढा, असे म्हटले की विद्यार्थी आधी सूत्र शोधू लागतो. खरे काम आकृती काढण्याचे, ठोकळ्यावर कोणकोणती बले आहेत हे विचारण्याचे असते. घर्षण नाही असे मानले, तर वस्तुमान गणितातून निघून जाते. जड आणि हलका ठोकळा सारख्याच त्वरणाने घसरतात. मग उत्तराची परीक्षा घ्यायची. उतरण सपाट केली तर त्वरण शून्य आले पाहिजे, सरळ उभी केली तर मुक्तपतनाइतके. तसे आले नाही, तर पुन्हा पहिल्या पायरीवर जायचे, मग पुस्तकामागील उत्तर काहीही असो!

शिकवण्याचा इतका अनुभव गाठीशी असूनही नरसिंहय्या पुन्हा विद्यार्थी झाले. अमेरिकेतील ओहायो स्टेट विद्यापीठातून १९६० साली, वयाच्या चाळिशीत, त्यांनी अणुकेंद्रीय भौतिकशास्त्रात पीएच.डी. मिळवली. परतल्यावर ते प्राचार्य झाले. १९६२ मध्ये त्यांनी बंगळूर सायन्स फोरम स्थापन केला व विज्ञानाची व्याख्याने सामान्य नागरिकांसाठी खुली केली.

१९७२ साली ते बंगळूर विद्यापीठाचे कुलगुरू झाले. तरीही वसतिगृहातील खोली सुटली नाही. १९७६ मध्ये चमत्कारांची तपासणी करण्यासाठी त्यांनी विद्यापीठातर्फे समिती नेमली, तेव्हा मोठा वाद उसळला. वर्गातील उदाहरणाला लावायची कसोटी बाहेरच्या जगालाही लावणे अनेकांना रुचले नाही. नरसिंहय्या मागे हटले नाहीत. १९८४ साली त्यांना पद्मभूषण मिळाले. ३१ जानेवारी २००५ रोजी त्यांचे निधन झाले.