चालत्या इंजिनाला तेल पाजणारा माणूस: एलायजा मॅकॉय

पहाटे ट्रक सुरू करण्याआधी ड्रायव्हर बॉनेट उघडतो, डिपस्टिक ओढून काढतो, फडक्याने पुसून पुन्हा आत घालतो आणि तेल कुठवर आलंय ते पाहतो. अर्ध्या मिनिटाचं काम. त्यानंतर तो शेकडो किलोमीटर बिनधास्त जातो, कारण चालत्या इंजिनात तेल आपोआप फिरत राहणार हे त्याला ठाऊक असतं.

दीडशे वर्षांपूर्वी रेल्वेच्या इंजिन ड्रायव्हरला ही खात्री नव्हती. ती मिळवून देणाऱ्यांमध्ये एक मोठं नाव आहे एलायजा मॅकॉय यांचं.

गुलामीतून पळालेल्यांचा मुलगा

मॅकॉय यांचे आईवडील अमेरिकेतल्या केंटकी राज्यात गुलाम होते. तिथून ते कॅनडात पळून आले. गुलामांना लपतछपत सीमेपार नेणाऱ्या त्या गुप्त जाळ्याला लोक अंडरग्राउंड रेलरोड म्हणत, पण त्यात ना रूळ होते ना गाडी. कॅनडा ब्रिटिशांच्या ताब्यात होता आणि तिथे गुलामगिरी १८३४ पासून बेकायदा होती. ओंटारिओमधल्या कोलचेस्टर इथे १८४४ च्या सुमारास एलायजा जन्मले.

मुलाला यंत्रांची आवड आहे हे ओळखून घरच्यांनी पंधराव्या वर्षी त्याला स्कॉटलंडमधल्या एडिनबरोला पाठवलं. तिथे ते मेकॅनिकल इंजिनियर झाले. परत आले ते मिशिगन राज्यातल्या यप्सिलांटी गावात, कारण कुटुंब आता तिथे राहत होतं.

शिक्षण होतं, हुन्नर होता, पण कातडीचा रंग आडवा आला. मिशिगन सेंट्रल रेलरोडमध्ये त्यांना इंजिनियरची जागा मिळाली नाही. मिळालं ते फायरमनचं काम: भट्टीत इंधन टाकायचं आणि इंजिनाला तेल द्यायचं.

अडचण काय होती?

वाफेच्या इंजिनात पिस्टन सिलिंडरमध्ये सतत मागेपुढे होतो. धातूवर धातू घासला की उष्णता वाढते, भाग झिजतात आणि शेवटी जाम होतात. मधे तेलाचा पातळ थर हवाच. पण गाडी धावत असताना सिलिंडरमध्ये वाफेचा प्रचंड दाब असतो, तिथे तेल ओतायचं कसं? म्हणून ठरावीक अंतराने गाडी थांबवून तेल देणं नित्याचं होतं. वेळ जायचा, आणि तेल द्यायला उशीर झाला तर इंजिनाचं नुकसान व्हायचं.

इंजिनियर म्हणून नेमले गेले असते तर मॅकॉय कदाचित टेबलापाशी बसले असते. तेलाचा डबा हातात आल्यामुळे ही अडचण त्यांना रोज दिसत होती.

जुलै १८७२ मध्ये त्यांना स्वयंचलित ल्युब्रिकेटरचं पेटंट मिळालं. कल्पना अशी, की जो दाब तेलाच्या आड येतो त्यालाच कामाला लावायचं. तेलाचं बंद भांडं सिलिंडरला जोडलेलं. वाफेच्या दाबाने झडप उघडली की तेल थोडं थोडं आत उतरायचं. इंजिन चालू तर तेल चालू, इंजिन बंद तर तेल बंद.

असं उपकरण बनवणारे ते पहिलेच नव्हते. इंग्लंडमध्ये त्याआधी प्रयत्न झाले होते. मॅकॉय यांचं वेगळेपण असं, की ते एका पेटंटवर थांबले नाहीत. इंजिनं बदलत गेली तसं ते आपलं उपकरण सुधारत राहिले. पुढे अतितप्त वाफेच्या इंजिनांत नुसतं तेल टिकेना, तेव्हा त्यांनी तेलात ग्रॅफाइटची पूड मिसळून देणारा ल्युब्रिकेटर काढला. त्याचं पेटंट १९१५ चं. त्यांच्या नावावर एकूण सुमारे ५७ पेटंटं आहेत. त्यात इस्त्रीचं घडीचं टेबलही आहे.

नाव उरलं, पैसा नाही

स्वतः उत्पादन करायला भांडवल नव्हतं. म्हणून ते पेटंटचे हक्क विकत गेले आणि त्यांची बरीच उपकरणं त्यांच्या नावाशिवाय बाजारात आली. स्वतःच्या नावाची कंपनी डेट्रॉइटमध्ये उभी राहिली ती १९२० साली, पंच्याहत्तरी ओलांडल्यावर.

इंग्रजीत अस्सल वस्तूला रिअल मॅकॉय म्हणतात, तो शब्दप्रयोग त्यांच्यामुळेच आला असं सांगितलं जातं. गोष्ट छान आहे, पण तशाच अर्थाचा प्रयोग स्कॉटलंडमध्ये त्यांच्या पेटंटच्या आधीपासून छापील स्वरूपात सापडतो.

१९२२ मध्ये मॅकॉय आणि पत्नी मेरी यांना अपघात झाला. मेरी त्यातून वाचल्या नाहीत आणि मॅकॉय यांची तब्येत कायमची ढासळली. १० ऑक्टोबर १९२९ रोजी एलॉइज या सार्वजनिक रुग्णालयात त्यांचं निधन झालं. अमेरिकेच्या नॅशनल इन्व्हेंटर्स हॉल ऑफ फेममध्ये त्यांचं नाव आलं २००१ मध्ये.

आणि आजचा ट्रक?

डिझेल इंजिनात तेल खालच्या चेंबरमध्ये साठतं आणि पंप ते सगळीकडे पोचवतो. तेल देण्यासाठी आता गाडी थांबवावी लागत नाही. पण चेंबरमध्ये तेल किती आहे, हे माणसालाच बघावं लागतं.

● गाडी सपाट जागी उभी करा. इंजिन नुकतं बंद केलं असेल तर थोडा वेळ थांबा, कारण वरचं तेल खाली उतरलेलं नसतं आणि पातळी कमी दिसते.
● डिपस्टिक एकदा पुसून, पुन्हा घालून मगच वाचा. तेल दोन खुणांच्या मधे हवं.
● पातळी वारंवार घटत असेल तर गळती शोधा. धूर निळसर असेल तर तेल जळतंय.
● न भरता पातळी वाढली तर जास्त सावध व्हा. तेलात डिझेल किंवा कूलंट मिसळत असू शकतं. दुधाळ रंग म्हणजे पाणी शिरल्याची खूण. डिझेल इंजिनाचं तेल काळं होणं मात्र नेहमीचं आहे, ती काजळी असते.
● खुणेच्या वर तेल भरू नका. फिरता क्रँक ते घुसळून फेस करतो आणि फेसाचा थर नीट टिकत नाही.
● चालताना ऑइल प्रेशरचा लाल दिवा लागला तर पुढचा ढाबा येईपर्यंत थांबू नका. गाडी सुरक्षित बाजूला घेऊन इंजिन लगेच बंद करा.

मॅकॉय यांनी तेल देणाऱ्याचे कष्ट कमी केले. तेल बघणाऱ्याचं काम मात्र अजून संपलेलं नाही.