तीन विरुद्ध दोन

धावण्याच्या शर्यतीत ज्याची छाती फितीला आधी लागते तो पहिला. उंच उडीत आडवी काठी पडली की नाही, हे मैदानाच्या टोकाला बसलेल्या माणसालाही दिसते. बर्फावरील फिगर स्केटिंगचे तसे नाही. तेथे विजय मोजला जात नाही, ठरवला जातो. आणि तो ठरवणारे परीक्षक हे हाडामांसाची माणसे असतात. त्यांना डोळे असतात, अभिरुची असते आणि देशही असतो. नॉर्वेच्या सोन्या हेनीच्या कारकिर्दीचा आरंभ ज्या निकालाने झाला, त्या निकालात या तिन्हींपैकी कशाचा वाटा किती, हा वाद जवळजवळ शंभर वर्षांनंतरही मिटलेला नाही.

सोन्याचा जन्म 8 एप्रिल 1912 चा, नॉर्वेच्या राजधानीतला. त्या शहराचे नाव तेव्हा क्रिस्तियानिया होते. 1925 मध्ये ते ओस्लो झाले. वडील विल्हेल्म हेनी हे फरच्या कपड्यांचे धनाढ्य व्यापारी आणि तरुणपणी नामांकित सायकलपटू. मुलीचे कसब ध्यानी येताच त्यांनी शिक्षक, प्रवास, नृत्याचे शिक्षण यांवर हात राखून खर्च केला नाही. हौशी खेळाडूने खेळातून पैसा मिळवू नये, असा त्या काळचा दंडक होता. या दंडकाची उदात्तता ज्यांच्या घरी आधीच पैसा आहे त्यांनाच परवडते, एवढे येथे नमूद केले पाहिजे.

1924 साली फ्रान्समधील शामोनी येथे हिवाळी ऑलिम्पिक भरले, तेव्हा सोन्या अकरा वर्षांची होती. आठ स्पर्धकांत तिचा क्रमांक आठवा लागला. कार्यक्रम चालू असताना पुढे काय करायचे हे विचारायला ती मध्येच कडेला उभ्या असलेल्या शिक्षकाकडे जाई, असे सांगतात. त्या स्पर्धेचे सुवर्णपदक ऑस्ट्रियाच्या हेर्मा साबोने जिंकले. साबो तेव्हा या खेळाची निर्विवाद सम्राज्ञी होती. 1922 पासून 1926 पर्यंत सलग पाच वर्षे जागतिक अजिंक्यपद तिच्याकडे होते. 1926 मध्ये स्टॉकहोमला सोन्या दुसरी आली आणि वारसदार कोण, हे जाणकारांना कळून चुकले.

पुढल्या वर्षी, 1927 च्या फेब्रुवारीत, जागतिक स्पर्धा ओस्लोत भरली. परीक्षक पाच होते. त्यांतले तीन नॉर्वेचे, एक ऑस्ट्रियाचा आणि एक जर्मनीचा. प्रत्येक परीक्षक आपल्या गुणांवरून स्पर्धकांचे क्रम लावी आणि ज्याच्या बाजूला पहिल्या क्रमांकांचे बहुमत, तो विजयी ठरे. नॉर्वेच्या तिन्ही परीक्षकांनी सोन्याला पहिले स्थान दिले. उरलेल्या दोघांनी साबोला दिले. तीन विरुद्ध दोन! चौदा वर्षांची मुलगी जगज्जेती झाली आणि पाच वेळची विजेती दुसरी आली. उत्तरपत्रिका तपासणाऱ्या पाचांपैकी तिघे विद्यार्थ्याच्या गावचे असावेत आणि नेमक्या त्या तिघांनीच त्याला पहिला काढावे, असा हा प्रकार होता.

तिघांनी लबाडी केली असे म्हणायला पुरावा नाही, आणि तशी गरजही नाही. त्या काळी निम्म्याहून अधिक गुण ठरीव आकृत्यांना असत. स्पर्धकाने पात्याने बर्फावर इंग्रजी आठाच्या घाटाची वळणे कोरायची, पुन्हा त्याच रेषेवरून फिरायचे, आणि परीक्षकांनी वाकून त्या रेषा न्याहाळायच्या. उरलेले गुण संगीताच्या साथीवर केलेल्या मुक्त कार्यक्रमाचे. साबोची शैली धीरगंभीर होती. सोन्याने मात्र या खेळात नृत्य आणले, आखूड घागरा आणला, उड्यांची चपळाई आणली. नव्या वळणाचे काव्य आणि जुन्या वळणाचे काव्य यांत श्रेष्ठ कोणते, हे पाच प्रामाणिक माणसांनाही एकमताने सांगता येणार नाही. परंतु अशा ठिकाणीच परीक्षकाच्या निःपक्षपातीपणाविषयी संशयाला जागा उरता कामा नये. ओस्लोत ती उरली. गदारोळ झाला आणि आंतरराष्ट्रीय संघटनेने यापुढे एका देशाचा एकच परीक्षक असा नियम केला. साबोने मात्र एकेरी स्पर्धांना रामराम ठोकला.

त्यानंतरच्या नऊ वर्षांत लंडन, बुडापेस्ट, न्यूयॉर्क, बर्लिन, माँट्रियल, स्टॉकहोम, ओस्लो, खुद्द साबोचे व्हिएन्ना आणि अखेर पॅरिस येथे भरलेली प्रत्येक जागतिक स्पर्धा सोन्यानेच जिंकली. एकूण दहा जागतिक अजिंक्यपदे! एकेरीत हा आकडा तिच्याखेरीज केवळ स्वीडनच्या उल्रिक साल्कोवने गाठला आहे. 1928, 1932 आणि 1936 या तिन्ही ऑलिम्पिकांचे सुवर्णही तिचेच. स्त्रियांच्या एकेरीत असा पराक्रम अद्याप दुसरीला साधलेला नाही. नऊ वेळा नियमानुसार जिंकणारीला पहिल्या वेळी मेहेरबानीची गरज होती काय, असा प्रश्न तिचे चाहते करतात. तो रास्तच आहे. पण नंतरच्या नऊ निकालांनी पहिला निकाल शुद्ध होत नाही, हेही तितकेच खरे.

पुढे या कीर्तीला आणखी काळा डाग लागला. 1936 च्या ऑलिम्पिकपूर्वी बर्लिनमधील एका प्रदर्शनात तिने हिटलरला नाझी पद्धतीने हात उंचावून सलामी दिली. नॉर्वेच्या वृत्तपत्रांनी तिच्यावर टीकेची झोड उठवली. ऑलिम्पिकनंतर तिने हिटलरकडे भोजनाचे निमंत्रण स्वीकारले आणि त्याची स्वाक्षरी असलेले छायाचित्रही घेतले. 1940 साली जर्मन सैन्य नॉर्वेत शिरले तेव्हा तेच छायाचित्र घरात दर्शनी ठेवल्यामुळे हेनी कुटुंबाची मालमत्ता बचावली, असे सांगितले जाते. तिला राजकारण कळत नव्हते, हा बचाव तोकडा आहे. ज्या स्त्रीला आपल्या कलेची बाजारातली किंमत इतकी अचूक कळत होती, तिला यजमान कोण आहे हे कळत नव्हते असे मानणे कठीण.

ऑलिम्पिकमधील तिचा तो शेवटचा विजयही सोपा नव्हता. ठरीव आकृत्यांनंतर इंग्लंडची पंधरा वर्षांची सेसिलिया कॉलेज तिच्या अगदी निकट आली होती. फळ्यावर लावलेले निकालपत्र सोन्याने संतापाने फाडल्याची हकीकत प्रसिद्ध आहे. परीक्षकांच्या एका मताची किंमत काय असते, हे तिच्याइतके कोणाला ठाऊक असणार?

त्याच वर्षी तिने हौशी खेळ सोडला आणि हॉलीवूड गाठले. एकामागून एक चित्रपट निघाले, बर्फावरील नृत्याचे तिचे फिरते कार्यक्रम अमेरिकेत तुफान गर्दी खेचू लागले आणि ती अमाप श्रीमंत झाली. 1941 मध्ये ती अमेरिकेची नागरिक झाली. मायदेश जर्मनांच्या टाचेखाली असताना तिने पुरेसे काही केले नाही, हा नॉर्वेकरांचा रोष युद्धानंतरही बराच काळ धुमसत होता. तिसरे पती नील्स ओन्स्टाड यांच्यासमवेत तिने आधुनिक चित्रांचा मोठा संग्रह केला आणि ओस्लोजवळ होविकोडन येथे 1968 साली त्याचे कलाकेंद्र उभारले. पुढच्याच वर्षी, 12 ऑक्टोबर 1969 रोजी, पॅरिसहून ओस्लोला येत असताना विमानातच रक्ताच्या कर्करोगाने तिचा अंत झाला. वय अवघे सत्तावन्न.

परीक्षकांविषयीचा प्रश्न तिच्याबरोबर संपला नाही. ठरीव आकृत्या 1990 नंतर जागतिक स्पर्धांतून गेल्या. 2002 च्या सॉल्ट लेक सिटी ऑलिम्पिकमध्ये जोडीच्या स्पर्धेतील परीक्षणावरून एवढे रण माजले की कॅनडाच्या जोडीला मागाहून दुसरे सुवर्ण द्यावे लागले, आणि गुणदानाची पद्धतच मुळापासून बदलली. जागतिक विजेत्यांच्या यादीत मात्र 1922 ते 1926 पर्यंत हेर्मा साबो आणि 1927 पासून सोन्या हेनी अशीच नोंद आहे. साबो सोन्याच्या मागे सतरा वर्षे जगली आणि 1986 साली वारली.