ऑर्गनकार आरिस्तीद काव्हाये-कोल

ज्यूबिलीच्या स्मरणिकेंत देवळाचे धर्मगुरु व देणगी देणारे सज्जन यांचीं नांवें येतात, आणि तीं यावींच. परंतु मिस्साच्या वेळीं गायकांस आधार देणारें वाद्य कोणीं घडविलें, हें सहसा कोणास ठाऊक नसतें. म्हणून ह्या पानांवर आम्ही एका ऑर्गनकाराचें चरित्र वाचकांपुढें ठेवीत आहों. त्यांचें नांव आरिस्तीद काव्हाये-कोल. ते फ्रान्स देशाचे. एकोणिसाव्या शतकांत त्यांनीं बांधलेले ऑर्गन पॅरिसच्या देवळांतून आजही वाजत आहेत.

आपल्याकडे ऑर्गन म्हटला कीं पायानें भाता मारावयाची पेटी डोळ्यांपुढें येते. तिच्यांत पितळेचे सूर वाजतात. येथें ज्या ऑर्गनाविषयीं लिहावयाचें, तो निराळा. त्यांत धातूच्या व लाकडाच्या शेंकडों, कधीं हजारों, नळ्या उभ्या असतात. पट्टी दाबली म्हणजे नळीच्या बुडाशीं असलेली झडप उघडते, भात्यांतील वारा आंत शिरतो आणि नळी बोलूं लागते.

आरिस्तीद यांचा जन्म ४ फेब्रुवारी १८११ रोजीं दक्षिण फ्रान्समधील माँपेलिए शहरीं झाला. घराण्याचा धंदा पिढीजाद ऑर्गनकाराचाच. आजोबा झाँ-पिएर कामानिमित्त स्पेन देशांत गेले व बार्सिलोना येथील कोल घराण्यांतील मुलीशीं त्यांनीं विवाह केला. आडनांवाचा दुसरा भाग तेथूनच आला. वडील दोमिनिक यांच्या हाताखालीं आरिस्तीद काम शिकले.

सन १८३२ मध्यें तुलूझ शहरीं प्रसिद्ध संगीतकार रोसिनी यांनीं ह्या कुटुंबानें तयार केलेलें एक नवें वाद्य ऐकिलें. तें नळ्यांचें नव्हे, सुरांचें, म्हणजे आपल्या पेटीच्याच कुळांतलें होतें. रोसिनींनीं तरुण आरिस्तीद यांस पॅरिसला जाण्याचा सल्ला दिला. पुढच्याच वर्षीं ते राजधानींत आले, तों सँ-देनीच्या देवळासाठीं मोठा ऑर्गन बांधण्याची स्पर्धा चालू होती व मुदत संपण्यास अवघे थोडे दिवस उरले होते. फ्रान्सच्या राजांचें दफन जेथें होत असे, तें हें देऊळ. बावीस वर्षांच्या आरिस्तीद यांनीं घाईघाईनें आराखडा काढून दिला, आणि काम त्यांनाच मिळालें!

परंतु आराखडा मंजूर होणें एक आणि तो प्रत्यक्षांत आणणें दुसरें. ऑर्गन जितका मोठा तितक्या झडपा अधिक, आणि प्रत्येक झडपेवर वाऱ्याचा दाब. अनेक पट्ट्यांच्या ओळी एकत्र जोडल्या म्हणजे पट्टी इतकी जड होई कीं वादकाचीं बोटें थकून जात. चार्ल्स बार्कर नांवाच्या एका इंग्रज कारागिरानें ह्यावर तोड काढली होती. पट्टी दाबली कीं एक चिमुकला भाता त्याच वाऱ्यानें फुगे व झडप ओढण्याचें जड काम तो करी. बोटानें केवळ इशारा द्यावयाचा. बार्कर यांच्या मायदेशीं ह्या युक्तीस आश्रय मिळाला नाहीं. काव्हाये-कोल यांनीं तिचें मोल ओळखिलें आणि १८४१ मध्यें पुऱ्या झालेल्या सँ-देनीच्या ऑर्गनांत ती बसविली. दुसऱ्याच्या बुद्धीस आपल्या कामांत असें मानाचें स्थान देणारे कारागीर थोडेच असतात, असें आम्हांस वाटतें.

पुढें कामांची रीघ लागली. मादलेनचा ऑर्गन १८४६ सालीं झाला, सँत-क्लोतिल्दचा १८५९ सालीं. ह्या दुसऱ्यावर सेझार फ्रांक हे १८९० मध्यें मृत्यु येईपर्यंत वादक होते, आणि त्यांची ऑर्गनरचना ह्याच वाद्याच्या आवाजावर पोसली. सँ-सुल्पीसच्या देवळांत क्लिको नांवाच्या जुन्या कारागिराचा १७८१ सालचा ऑर्गन होता. काव्हाये-कोल यांनीं तो मोडून टाकिला नाहीं. त्यांतील पुष्कळ नळ्या जपून नव्या रचनेंत घेतल्या. १८६२ मध्यें तो वाजूं लागला, तेव्हां त्यांत पट्ट्यांच्या पांच ओळी व नळ्यांचे शंभर संच होते. शार्ल-मारी विदोर यांनीं त्यावर १८७० पासून १८३३ नव्हे, तर थेट १९३३ पर्यंत, म्हणजे त्रेसष्ट वर्षांहून अधिक काळ सेवा केली. त्याच १८६२ सालीं शास्त्रज्ञ फुको यांनीं प्रकाशाचा वेग मोजला, त्या प्रयोगांतील फिरता आरसा चालविण्यास सम दाबाचा वारा लागे. तो पुरविणारें भात्याचें यंत्रही काव्हाये-कोल यांनींच करून दिलें होतें.

नोत्र-दाम कॅथेड्रलचा ऑर्गन १८६८ मध्यें सिद्ध झाला. १५ एप्रिल २०१९ रोजीं त्या देवळाचें छप्पर जळून खालीं आलें, तरी ऑर्गन वांचला. मात्र त्यावर शिशाची धूळ सर्वत्र बसली. नळ्या उतरवून, धुऊन, पुनः बसविल्या गेल्या, आणि ७ डिसेंबर २०२४ रोजीं देऊळ उघडलें तेव्हां आर्चबिशपांनीं ऑर्गनास जागे होण्याचें आवाहन केलें व त्यानें उत्तर दिलें.

काव्हाये-कोल यांच्या मनांत रोमच्या संत पेत्राच्या बॅसिलिकेसाठीं एक प्रचंड ऑर्गन होता. १८७५ मध्यें त्याची योजना त्यांनीं प्रसिद्ध केली, नमुनाही करविला. ऑर्गन मात्र झाला नाहीं. व्यवहारांत हा मनुष्य कच्चा. नाद मनासारखा येईपर्यंत काम सोडावयाचें नाहीं, ही त्यांची रीत हिशेबाच्या वहीस मानवली नाहीं. उतारवयांत पैशाच्या अडचणींनीं त्यांस घेरलें आणि १८९८ मध्यें कारखाना शार्ल म्युतँ यांच्या हातीं द्यावा लागला. १३ ऑक्टोबर १८९९ रोजीं पॅरिस येथें त्यांचें निधन झालें. माँपार्नासच्या दफनभूमींत ते विसावले आहेत.

त्यांच्या कारखान्यांतील शेवटच्या मोठ्या ऑर्गनांपैकीं एक बियारिट्झजवळ राहणाऱ्या एका धनिक बॅरनच्या वाड्यासाठीं केलेला होता. बॅरनचें मन उडाल्यावर म्युतँ यांनीं तो परत विकत घेतला. माँमार्त्र टेकडीवरील येशूच्या पवित्र हृदयाच्या बॅसिलिकेंत १९१९ सालीं त्याची स्थापना झाली, आणि तो अद्याप तेथेंच आहे.