डेमलो स्थानक आणि सतरा अंकांची संख्या

मुंबईहून कल्याणकडे जाताना लागणारे डोंबिवली स्थानक जी. आय. पी. रेल्वेच्या काळात ‘डेमलो’ म्हणून ओळखले जाई. याच स्थानकावर दत्तात्रेय रामचंद्र कापरेकर यांना एका संख्यासमूहाची कल्पना सुचली आणि त्या संख्यांना त्यांनी ‘डेमलो संख्या’ असे नाव दिले.

कापरेकरांचा जन्म १७ जानेवारी १९०५ रोजी डहाणू येथे झाला. आठव्या वर्षी त्यांचे मातृछत्र हरपले. वडील कारकून होते. त्यांना ज्योतिषाचा मोठा नाद होता. ठाण्यात शालेय शिक्षण घेऊन कापरेकर पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात दाखल झाले. तेथे १९२७ साली त्यांना रँग्लर परांजपे गणित पारितोषिक मिळाले. १९२९ मध्ये पदवी घेतल्यानंतर पुढील वर्षापासून १९६२ पर्यंत त्यांनी देवळाली येथे शाळाशिक्षक म्हणून नोकरी केली.

डेमलो संख्यांपैकी विशेष लक्षवेधी संख्या सतरा अंकी आहे : १२३४५६७८९८७६५४३२१. नऊ वेळा एक लिहून होणाऱ्या संख्येचा हा वर्ग. मधला ९ बाजूला ठेवून डावीकडील १२३४५६७८ आणि उजवीकडील ८७६५४३२१ यांची बेरीज केली, तर ९९९९९९९९ येते; म्हणजे बेरजेतही मधलाच अंक पुन्हा पुन्हा उमटतो. १२३२१ या लहान संख्येतही तसेच घडते : १२ आणि २१ मिळून ३३, आणि मध्ये ३.

मात्र दहा एककांच्या संख्येचा वर्ग केला की मधल्या स्थानी दहाची बेरीज येते, हातचा घ्यावा लागतो आणि ही सुबक रचना मोडते. ती दशमान लेखनपद्धतीवर अवलंबून आहे, हे त्यावरून स्पष्ट होते. टीकाकारांचा आक्षेपही हाच होता. अंकांच्या मांडणीतील गंमत म्हणजे गणित नव्हे, अशा समजुतीने देशातील अनेक गणितज्ञांनी कापरेकरांचे काम क्षुल्लक मानले. पदव्युत्तर शिक्षण नसलेल्या या शिक्षकाचे बरेचसे लेखन दुय्यम नियतकालिकांत आणि खासगीरीत्या छापलेल्या पुस्तिकांतच राहिले.

कापरेकरांनी आपला मार्ग सोडला नाही. १९४९ मध्ये मद्रास येथील गणित परिषदेत त्यांनी ६१७४ या संख्येचा गुणधर्म मांडला. सर्व अंक सारखे नसलेली कोणतीही चार अंकी संख्या घ्यावी, तिचे अंक उतरत्या व चढत्या क्रमाने मांडून वजाबाकी करावी आणि हीच कृती पुन्हा करत जावे; सात पायऱ्यांच्या आत ६१७४ येतेच.

निवृत्तिवेतन अपुरे असल्याने उतारवयात त्यांना शिकवण्या घ्याव्या लागल्या. १९७५ साली अमेरिकी लेखक मार्टिन गार्डनर यांनी ‘सायंटिफिक अमेरिकन’मधील आपल्या सदरातून त्यांची ओळख करून दिली आणि त्यांचे नाव जगभर पोहोचले. तेव्हा कापरेकरांनी सत्तरी गाठली होती. १९८६ मध्ये त्यांचे निधन झाले.

स्थानकाच्या फलकावर आज ‘डेमलो’ हे नाव नाही. कापरेकरांच्या संख्यांना मात्र ते अजून आहे.