घरात समुद्र आणणारा माणूस

रविवारी सकाळी आमच्या इचिकावाच्या घरात चहाच्या आधी मीठ कालवायचा कार्यक्रम असतो. गॅलरीत वीस लिटरची बादली, तिच्यात गाळून घेतलेलं पाणी आणि लिटरमागे साधारण ३५ ग्रॅम समुद्री मीठ. छोटा पंप ते ढवळत राहतो. तासाभराने खारटपणा मोजायचा, तापमान जुळवायचं आणि मग हे पाणी हॉलमधल्या टँकमध्ये जायचं. टँकमध्ये दोन क्लाउनफिश, एक कोळंबी, थोड्या गोगलगायी आणि डझनभर प्रवाळं आहेत. बायको त्याला घरातला तिसरा मुलगा म्हणते, कारण खर्चही तसाच आणि रुसवेफुगवेही तसेच.

गंमत म्हणजे आम्ही राहतो तो ग्योतोकुचा भाग एके काळी मिठागरांचाच होता. एदोला, म्हणजे जुन्या तोक्योला, इथून मीठ जायचं. ते नीट पोचावं म्हणून तोकुगावा इएयासुने ओनागीगावा हा कालवा खोदून घेतला होता. १९१७ च्या वादळात समुद्र आत शिरला, बांध फुटले आणि पुढे मिठागरं संपली. मी भांडुपचा. लोकलच्या खिडकीतून मिठागरं बघत वाढलो. आता जुन्या मिठागराच्या जागेवर राहून पिशवीतल्या मिठाचा समुद्र बनवतो.

मध्यंतरी धाकट्याने विचारलं, बाबा, घरात समुद्र ठेवायचं पहिल्यांदा सुचलं कोणाला? मला नाव माहीत होतं: फिलिप हेन्री गॉस. त्याची गोष्ट मी मुलाला तीन-चार रात्री सांगितली. शेवटाकडे आल्यावर मात्र मी आवरतं घेतलं. का, ते पुढे येईलच.

गॉसचा जन्म ६ एप्रिल १८१० चा, इंग्लंडमधल्या वूस्टरचा. वडील गावोगाव हिंडून लोकांची छोटी चित्रं काढायचे. उत्पन्न बेताचं. पोराचं बालपण गेलं पूल या बंदराच्या गावी. तिथे बेल आडनावाच्या एका आत्याने त्याला किडे, फुलपाखरं आणि किनाऱ्यावरचे जीव बघायची गोडी लावली. वडिलांकडून बारीक चित्रकला आली आणि आत्याकडून नजर. पुढचं सगळं आयुष्य त्याने या दोन गोष्टींवर काढलं.

सतराव्या वर्षी तो कारकून म्हणून न्यूफाउंडलंडला गेला. दिवसा व्यापाराचे हिशेब, उरलेल्या वेळात किडे गोळा करणं. १८३२ मध्ये सूक्ष्मदर्शकावरचं एक जुनं पुस्तक त्याच्या हाती लागलं आणि त्याच सुमारास तो अत्यंत धार्मिकही झाला. विज्ञान आणि बायबल एकदमच त्याच्या आयुष्यात आले, आणि त्याला ते कधीच वेगळे वाटले नाहीत. नंतर कॅनडात तीन वर्षं शेती केली, ती बुडाली. मग अलाबामात मळेवाल्यांच्या मुलांना शिकवलं. तिथली गुलामगिरी त्याला बघवेना. १८३९ मध्ये तो इंग्लंडला परतला तेव्हा तिशीला टेकला होता आणि गाठीला फारसं काही नव्हतं. जे होतं ते वह्यांमध्ये. त्यातूनच कॅनडाच्या निसर्गावरचं पहिलं पुस्तक निघालं. नंतर तो दीड-दोन वर्षं जमैकात राहिला. तिथल्या पक्ष्यांवरचं त्याचं पुस्तक १८४७ मध्ये आलं. ते काम सॅम्युएल कॅम्पबेल या जमैकन तरुणाच्या मदतीने झालं आणि गॉसने ती मदत उघडपणे मान्य केली. त्या काळातल्या साहेबांमध्ये हे क्वचितच दिसायचं.

१८४८ मध्ये त्याने एमिली बोज हिच्याशी लग्न केलं. ती त्याच्यापेक्षा थोडी मोठी, त्याच्याच पंथाची, लिहिणारी बाई. पुढच्या वर्षी मुलगा झाला, एडमंड. त्या दिवशीच्या रोजनिशीत गॉसने मुलाच्या जन्माची नोंद केली आणि लगेच खाली जमैकाहून एक हिरवी पाकोळी आल्याची. लोक यावर अजून हसतात. मला हसू येतं, पण थोडं ओशाळंही वाटतं. आमच्या घरात शाळेचं स्नेहसंमेलन आणि टँकचं पाणी बदलणं एकाच कॅलेंडरवर, एकाच पेनने लिहिलेलं असतं.

१८५२ च्या सुरुवातीला अतिकामाने त्याची तब्येत ढासळली आणि तो कुटुंबासह डेव्हनच्या किनाऱ्यावर गेला. ओहोटीला उघड्या पडणाऱ्या कातळातल्या डबक्यांमध्ये त्याला त्याचं खरं काम सापडलं. समुद्रफुलं, खेकडे, काटेरी साली, रंगीत शैवालं. इल्फ्राकोंबजवळ त्याला शेंदरी-सोनेरी रंगाचं एक छोटं, एकेकटं राहणारं प्रवाळ मिळालं. विज्ञानाला ते नवीन होतं आणि त्याचं शास्त्रीय नाव गॉसनेच ठेवलं. आपल्याला प्रवाळ म्हटलं की उष्ण समुद्र आठवतो, पण इंग्लंडच्या गार पाण्यातही अशी जात असते.

अडचण एकच. हे जीव बरणीत घालून घरी नेले की एक-दोन दिवसांत पाणी नासायचं आणि सगळं मरायचं. प्राणी प्राणवायू वापरतात, वनस्पती तो देतात. दोघांचं प्रमाण जमलं तर पाणी न बदलता टिकेल, हे तत्त्व रॉबर्ट वॉरिंग्टन या रसायनतज्ज्ञाने गोड्या पाण्यात दाखवलं होतं. गॉसने समुद्राच्या पाण्यावर, शैवालं घालून, तेच करून पाहिलं आणि त्याच्या बरण्या टिकल्या. त्याच्याही आधी, १८४६ मध्ये, ॲना थिन या बाईंनी टॉर्कीहून प्रवाळं लंडनच्या घरी आणून जगवली होती. पाण्यात हवा मिसळावी म्हणून त्यांच्याकडे ते पाणी एका भांड्यातून दुसऱ्यात ओतत बसावं लागायचं. त्यांची निरीक्षणं पुढे १८५९ मध्ये गॉसच्या टिपणांसह छापली गेली. पण ही गोष्ट घराघरांत नेली ती गॉसने.

मे १८५३ मध्ये लंडनच्या रीजंट्स पार्कमधल्या प्राणिसंग्रहालयात जगातलं पहिलं सार्वजनिक मत्स्यालय उघडलं. तिथले बरेचसे जीव गॉसने किनाऱ्यावरून पाठवले होते. १८५४ मध्ये त्याचं पुस्तक आलं आणि ॲक्वेरियम हा शब्द सगळीकडे रुजला. चित्रं त्याने स्वतः रंगवली होती. ती पाहिली की लोक पुस्तक मिटून सरळ किनाऱ्याकडे निघत. ज्यांच्या जवळ समुद्र नाही त्यांचं काय? त्यासाठी त्याने त्याच वर्षी कृत्रिम समुद्राच्या पाण्याची कृती प्रसिद्ध केली: साधं मीठ, एप्सम सॉल्ट, मॅग्नेशियम क्लोराइड आणि पोटॅशियम क्लोराइड. माझ्या रविवारच्या बादलीचा मूळपुरुष तो हा. आजच्या पिशवीत कॅल्शियमपासून बारीकसारीक धातूंपर्यंत बरंच काही असतं, पण सांगाडा तोच.

मग जी लाट आली तिला तोड नव्हती. काचेवरचा कर १८४५ मध्येच उठला होता, आगगाड्या थेट किनाऱ्यापर्यंत पोचत होत्या. लंडनमध्ये विल्यम लॉइडने जिवंत समुद्री जीव विकायचं दुकान काढलं. घरोघरी बैठकीच्या खोलीत काचपेट्या आल्या. गॉस स्वतः इल्फ्राकोंबला लोकांचे वर्ग घ्यायचा. हातोडी-छिन्नी घेऊन कातळात उतरायचं आणि समुद्रफूल दुखवू नये म्हणून त्याच्याखालचा खडकच कसा फोडून काढायचा, हे तो दाखवायचा. १८५६ मध्ये तो रॉयल सोसायटीचा सदस्य झाला.

त्याच वर्षी एमिलीला स्तनाचा कर्करोग निघाला. शस्त्रक्रिया टाळून एका डॉक्टरच्या मलमाचे उपचार घेतले, ते भयंकर वेदनांचे ठरले. फेब्रुवारी १८५७ मध्ये ती गेली. मुलगा सात वर्षांचा. त्या दुःखाच्या वर्षात गॉसने ओम्फालोस लिहिलं. म्हणणं असं, की देवाने सृष्टी निर्माण केली ती वय झालेलीच. आदमला बेंबी होती तशी खडकांत जीवाश्म होते. विज्ञान आणि धर्म दोघांचीही समजूत काढायला तो निघाला होता, पण दोघांनीही पाठ फिरवली. त्याची पुस्तकं आवडीने वाचणारे, स्वतः धर्मगुरू असलेले चार्ल्स किंग्जली यांनाही देव खडकांमध्ये खोटं लिहील हे पटलं नाही. उरलेल्या प्रती रद्दीत गेल्या. गॉस मुलाला घेऊन टॉर्कीजवळ सेंट मेरीचर्चला कायमचा राहायला गेला आणि ब्रिटनमधल्या समुद्रफुलांवरचा मोठा ग्रंथ १८६० मध्ये पूर्ण केला.

आता तो भाग, जिथे मी मुलासमोर अडखळलो. गॉसची पुस्तकं घेऊन हजारो लोक किनाऱ्यावर गेले. प्रत्येकाने एक-एक बरणी भरली. घरी बहुतेकांचे जीव मेले, कारण गर्दी जास्त, उन्हाळ्यात पाणी तापायचं आणि विष्ठेतला अमोनिया पचवणारे जीवाणू असतात हे तेव्हा कोणालाच माहीत नव्हतं. जीव मेले की लोक पुन्हा किनाऱ्यावर जात. काही वर्षांत लाट ओसरली, पण तोवर अनेक ठिकाणची डबकी रिकामी झाली होती. एडमंड लहानपणी बापाचा हात धरून त्या कातळांत उतरायचा. १९०७ मध्ये, मोठा साहित्यिक झाल्यावर, त्याने बाप आणि मुलगा यांच्या नात्यावर जे पुस्तक लिहिलं त्यात या उजाड किनाऱ्याची हळहळ आहे. इतक्या भक्तिभावाने किनारा बघणाऱ्या माणसाच्याच पुस्तकांनी हे घडवलं आणि ते त्याला कळलं होतं, त्याचा त्याला फार सल होता, हेही त्यात आहे. त्याने कोणाला ओरबाडायला सांगितलं नव्हतं, फक्त बघायला शिकवलं होतं. पण छिन्नीही त्यानेच हातात दिली होती.

पुढे त्याने दुसरं लग्न केलं, ऑर्किड वाढवले, पुन्हा सूक्ष्मदर्शकाकडे वळून चक्रधर नावाच्या अतिसूक्ष्म जलचरांवर काम केलं. २३ ऑगस्ट १८८८ रोजी तो गेला. त्याआधी सहा वर्षं, १८८२ मध्ये, तोक्योच्या उएनो प्राणिसंग्रहालयात जपानमधलं पहिलं मत्स्यालय सुरू झालं होतं. त्याचं नाव उओनोझोकी, म्हणजे मासे डोकावून बघायची जागा.

गेल्या वसंतात आम्ही आमच्याच चिबा प्रांताच्या दक्षिण टोकाला, तातेयामाला गेलो होतो. तिथल्या ओकिनोशिमाच्या आसपास, उष्ण प्रवाहाच्या कृपेने, इतक्या उत्तरेलाही प्रवाळं वाढतात. ओहोटी होती. धाकट्याला एका फटीत हिरवं समुद्रफूल दिसलं. बादली तयारच होती. आपल्या टँकमध्ये ठेवू या म्हणाला, गॉससारखं. तेव्हा मला शेवट सांगावाच लागला. इथे बऱ्याच किनाऱ्यांवर मच्छीमारांचे हक्क असतात, काय उचलावं याचे नियम असतात, तेही सांगितलं. भारतात तर प्रवाळं वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत, वाघाच्या पंगतीला. मालवणच्या पाण्यातला तुकडा घरी आणणं हा गुन्हाच.

त्याने ऐकून घेतलं आणि विचारलं, मग आपली कुठून आली?

खोटं बोलता आलं असतं. क्लाउनफिश दोन्ही टँकमध्येच जन्मलेले. बहुतेक प्रवाळं म्हणजे दुसऱ्या छांदिष्टांकडून घेतलेली कलमं. फांदी तोडून दगडावर चिकटवली की वाढते. पण सुरुवातीला घेतलेलं एक मोठं प्रवाळ समुद्रातून काढलेलं होतं. दगडी प्रवाळांच्या आंतरराष्ट्रीय व्यापाराला साइट्स कराराचा परवाना लागतो, आणि तो कागद दुकानाकडे होता. पण कागद होता म्हणून ते समुद्रातलं नव्हतं असं नाही. आणि मी सांगितलं नाही ते असं: त्यातलं अर्धं, एका ऑगस्टमध्ये आम्ही पुण्याला गेलेलो असताना पाणी थंड ठेवणारं यंत्र बंद पडलं तेव्हा, पांढरं पडून मेलं. प्रवाळाच्या अंगातच सूक्ष्म शैवाल राहतं आणि ते त्याला जेवू घालतं. गॉसला बरणीत जे गणित जमवायचं होतं ते प्रवाळ आपल्या अंगात जमवून बसलेलं असतं. पाणी तापलं की ते शैवाल बाहेर पडतं आणि गणित मोडतं.

परतीच्या गाडीत मी मुलाला तेही सांगितलं. तो बराच वेळ काही बोलला नाही.

त्यानंतर समुद्रातून काढलेलं काहीही विकत घ्यायचं नाही असं घरात ठरलं. उरलेलं अर्धं प्रवाळ आता छान वाढलंय. त्याचे तुकडे करून आम्ही इतर छांदिष्टांना देतो, तेवढीच दुकानातली मागणी कमी. याने गॉसचा किनारा भरून येत नाही, हे मला कळतं. तातेयामाचं ते समुद्रफूल मात्र फटीतच आहे. धाकट्याने त्याचं चित्र काढलं आणि ते टँकशेजारच्या भिंतीवर चिकटवलंय. रविवारी मीठ कालवताना ते समोरच दिसतं.